बोटांची वहिवाट

पंचवीस वर्षांपूर्वीचा एखादा बंदुकीच्या चकमकींचा खेळ टू-इन-वन म्हणून विकल्या जाणाऱ्या संगणकावर सुरू करावा, कळफलक सोडवून बाजूला ठेवावा, पडदा पाटीसारखा मांडीवर घ्यावा, आणि समोरच्या दालनात डावीकडे पाहण्यासाठी काचेवर बोट टेकवून ते हलकेच सरकवावे. त्याबरोबर सारे दालन गरगर फिरते, नजर छताला जाऊन भिडते किंवा पायाखालच्या फरशीला खिळते, आणि आपल्या हातून कोणता प्रमाद घडला हे खेळणाऱ्याला उमगण्यापूर्वीच शत्रूची गोळी त्याचा डाव संपवते. यंत्रात बिघाड नसतो, खेळातही दोष नसतो आणि बोट तर जन्मापासून आपलेच असते. तरीही तिघांचे जमत नाही. हे का जमत नाही, या वरकरणी क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की साठ वर्षांचा एक इतिहास उलगडत जातो, आणि तो जितका यंत्रांचा आहे तितकाच मनुष्याच्या हाताचा आहे.

आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात वहिवाट नावाची एक जुनी कल्पना आहे. एखाद्याच्या शेतातून लोक वर्षानुवर्षे ये-जा करीत राहिले की त्या पायवाटेला हक्काचे स्वरूप येते. कोणी सनद दिलेली नसते, कोणत्या दफ्तरात आरंभी तिची नोंदही नसते, पण पुढे त्या शेताला कुंपण घालायचे म्हटले तरी वाट सोडूनच घालावे लागते. संगणकावरील खेळ आणि खेळणाऱ्याचा हात यांच्यात अशीच एक वहिवाट पडली. ती माऊस आणि कळफलक यांची होती. लॅपटॉप आणि टॅब्लेट यांच्या संकरातून जन्मलेल्या यंत्रांनी जेव्हा त्याच मुलखात बोटाने प्रवेश मागितला, तेव्हा त्यांना पहिला अडथळा झाला तो या वहिवाटीचा.

ही वाट पडण्याच्या आधीचा काळ मात्र पुष्कळ मोकळा होता. १९६२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांचे सहकारी यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अवकाशयानांच्या द्वंद्वाचा खेळ रचला, तेव्हा तो यंत्राच्या दर्शनी फळीवरील खटक्यांनी खेळावा लागे. खटके पडद्याच्या एका बाजूला असल्यामुळे एका खेळाडूला पडदा नीट दिसे आणि दुसऱ्याला मान वाकडी करावी लागे. हा अन्याय दूर करण्यासाठी ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हाताशी असलेल्या सामानातून खेळापुरत्या वेगळ्या नियंत्रण-पेट्या तयार केल्या. खेळाला साजेसे साधन यंत्राबरोबर आले नाही, ते खेळणाऱ्यांनी स्वतः घडवले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे अर्ध्या शतकानंतर तिची पुनरावृत्ती झालेली आपल्याला दिसणार आहे.

पडद्याला थेट हात घालण्याची कल्पनाही त्याच काळातली. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढून दाखवल्या, आणि १९६५ साली इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी विमानवाहतुकीच्या नियंत्रकांसाठी बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणजे ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी माऊसचे सुप्रसिद्ध जाहीर प्रात्यक्षिक करून दाखवले, त्याच्या तीन वर्षे आधीच स्पर्शपटलाची कल्पना कागदावर उतरलेली होती. पण आधी जन्म झाला म्हणून राज्य मिळतेच असे नाही. १९८३ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने एचपी-१५० हा स्पर्शाने चालणारा संगणक बाजारात आणला. पडद्याच्या चौकटीतून अदृश्य अवरक्त किरण आडवे-उभे धावत आणि बोटाने ते अडवले की स्पर्शाची जागा यंत्राला कळे. योजना चतुर होती, परंतु उभ्या पडद्यापुढे हात उचलून धरावा लागला की थोड्याच वेळात खांदा भरून येतो, या साध्या शरीरधर्मापुढे कोणत्याही चातुर्याचा इलाज चालत नाही. माऊस मेजावर विसावलेल्या हाताखाली राहतो. मनगट टेकलेले असते, आणि इंचभर हालचालीत पडद्याचे एक टोक ते दुसरे टोक गाठता येते. हाताला ज्यात विसावा मिळाला त्या बाजूने निकाल लागला.

यानंतरच्या दीड दशकात वहिवाट पक्की झाली. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर हा पत्त्यांचा खेळ आला, आणि पत्ता उचलून दुसऱ्या पत्त्यावर नेऊन ठेवण्याच्या निमित्ताने असंख्य माणसांना माऊसची कळ दाबून धरण्याचे आणि ओढण्याचे वळण लागले. महाराष्ट्रातही या शतकाच्या आरंभी एमएस-सीआयटीच्या वर्गांतून ज्या पिढीने प्रथम संगणकाला हात लावला, तिच्यातील कित्येकांचा हात याच पत्त्यांवर बसला. कारकून, शिक्षक, गृहिणी आणि निवृत्त कर्मचारी एका बाकावर बसून राजावर राणी चढवीत, आणि त्या ओघात एक नवी हस्तविद्या त्यांच्या अंगवळणी पडत गेली. इकडे जे खेळ अधिक वेगवान होते त्यांनी हाताकडून अधिक कठोर शिस्तीची अपेक्षा केली. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ बहुसंख्य लोक कळफलकावरच खेळले. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये वर-खाली, सर्व दिशांना पाहण्याची गरज उत्पन्न झाली, आणि नजर फिरवण्याचे काम माऊसकडे, पावले टाकण्याचे काम डाव्या हाताच्या बोटांकडे अशी श्रमविभागणी रूढ होऊ लागली. १९९७ साली डेनिस फाँग या खेळाडूने ‘क्वेक’च्या एका गाजलेल्या स्पर्धेत विजय मिळवला आणि बक्षीस म्हणून खेळाचे एक कर्ते जॉन कार्मॅक यांची लाल फेरारी मोटार घरी नेली. डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार अक्षरांवर डावा हात ठेवण्याची त्याची पद्धत अनेकांनी उचलली, आणि १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने ती मूळ मांडणी म्हणूनच स्वीकारली. एका खेळाडूची सवय अशा रीतीने सर्वांचा कायदा झाली.

या कायद्याची कलमे खेळांच्या अंतरंगात किती खोलवर उतरली, हे बाहेरून दिसत नाही. बाण एखाद्या वस्तूवर नुसता नेऊन ठेवला, कळ दाबली नाही, तरी त्या वस्तूची माहिती द्यावी. डाव्या कळीने निवड करावी आणि उजव्या कळीने हुकूम द्यावा. सैनिकांची तुकडी चौकोन ओढून वेढावी. कळफलकावरील अंक दाबून दूरच्या छावणीवर क्षणात उडी घ्यावी, अशा शेकडो रूढींवर खेळांची रचना उभी राहिली. बंदुकीच्या खेळांनी तर आणखी एक गुप्त व्यवस्था केली. माऊस मेजाच्या कडेला पोहोचला तरी खेळाडूला वळता यावे म्हणून हे खेळ बाण लपवून ठेवतात, दर क्षणी त्याला पडद्याच्या मध्यावर परत आणतात, आणि तो मध्यापासून किती सरकला एवढाच हिशेब वाचतात. बोट मात्र सरकण्याचा हिशेब देत नाही. ते जागा सांगते. पडद्याच्या कोपऱ्यात ते टेकले की खेळाला वाटते, माऊस एका निमिषात मध्यापासून कोपऱ्यापर्यंत धावला. आणि तेवढ्या आवेगाने तो नजर फिरवतो. आरंभी वर्णन केलेल्या गरगरण्याचे रहस्य एवढेच आहे.

संकरित यंत्रांची वंशावळ तपासू गेल्यास तिचा आरंभ लेखणीपासून करावा लागतो. १९८९ साली निघालेला ग्रिडपॅड हा पाटीवजा संगणक लेखणीने चालत असे. नोव्हेंबर २००० मध्ये बिल गेट्स यांनी लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात टॅब्लेट पीसीचा नमुना दाखवला, आणि ७ नोव्हेंबर २००२ रोजी विंडोज एक्सपीची टॅब्लेट पीसी आवृत्ती अधिकृतपणे बाहेर पडली. त्या पहिल्या तुकडीतील कॉम्पॅकच्या टीसी१००० या यंत्राचा कळफलक सोडवून वेगळा करता येत असे. आजच्या संकरित संगणकाचा तो प्रत्यक्ष पूर्वज होय. या यंत्रांना बोट कळत नसे. पडद्यामागे विद्युत्-चुंबकीय तारांची जाळी असे, आणि विशिष्ट लेखणी जवळ आली की, काचेला टेकण्यापूर्वीच, तिचे स्थान यंत्राला समजे. ही गोष्ट खेळाच्या दृष्टीने फार मोलाची होती. कारण नुसता बाण नेऊन ठेवण्याची माऊसची जी खुबी बोटाला साधत नाही, ती या लेखणीला आपोआप साधत होती. विंडोजच्या त्या आवृत्तीबरोबर ‘इंकबॉल’ नावाचा एक छोटा खेळ येई. त्यात लेखणीने पडद्यावर रेघा ओढायच्या आणि धावत्या चेंडूंना त्या रेघांवर आपटवून त्यांच्याच रंगाच्या भोकात घालायचे; रेघ चेंडूला भिडली की पुसून जाई. लेखणी हेच ज्याचे एकमेव साधन आहे असा तो खेळ होता, आणि म्हणून त्या यंत्रावर तो परक्यासारखा वाटत नसे.

परंतु इंकबॉल हा अपवाद राहिला. त्या पिढीची यंत्रे महाग होती, त्यांची चित्रनिर्मितीची शक्ती बेताची होती, आणि त्यांचा ग्राहक रुग्णालयात, गोदामात किंवा विमा कंपनीच्या तपासणीवर हिंडणारा नोकरदार आहे असे गृहीत धरलेले होते. खेळ करणाऱ्यांनी त्यांच्यासाठी वेगळा विचार करावा इतकी त्यांची संख्याही कधी झाली नाही. लेखणीचा हा अध्याय अल्पजीवी ठरला याची मला मनापासून हळहळ वाटते. माऊसची नेमकेपणाची सवय आणि हाताने थेट चित्राला भिडण्याचे सुख या दोहोंचा मेळ तिच्याइतका कोणत्याच साधनाने घातला नव्हता.

यानंतर वारे बदलले ते दुसऱ्याच दिशेने. २००७ साली आयफोन आणि २०१० च्या एप्रिलमध्ये आयपॅड आला, आणि कोट्यवधी लोकांची बोटे काचेला सरावली. ऑक्टोबर २००९ च्या विंडोज ७ मध्ये एकाहून अधिक बोटांचा स्पर्श ओळखण्याची सोय होती. पण संपूर्ण कारभारच स्पर्शाच्या पायावर उभारण्याचा प्रयत्न झाला तो २६ ऑक्टोबर २०१२ रोजी निघालेल्या विंडोज ८ मध्ये. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने स्वतःचे सरफेस आरटी हे यंत्र विकायला काढले. दिसायला ते लॅपटॉपही होते आणि टॅब्लेटही. पण त्याचा प्रोसेसर वेगळ्या कुळातला असल्यामुळे विंडोजवर वीस वर्षांत साचलेला जुना खेळांचा संग्रह त्यावर चालू शकत नव्हता. वारसा तोच सांगितला होता, पण वतनाचा कागद हाती आला नव्हता. तो कागद घेऊन आला सरफेस प्रो, ९ फेब्रुवारी २०१३ रोजी.

हे यंत्र सुमारे नऊशे ग्रॅम वजनाचे होते, १०.६ इंचांचा पडदा, त्यावर १९२० गुणिले १०८० बिंदू, आत इंटेलचा कोअर आय५ प्रोसेसर, पाठीला टेकू, बाजूला चुंबकाने चिकटणारी लेखणी, आणि आतल्या उष्णतेसाठी दोन छोटे पंखे. मेजावरील संगणकात चालणारा कोणताही खेळ त्यावर निदान सुरू तरी होई, आणि पुष्कळसे खेळ बऱ्यापैकी चालत. लेनोव्होच्या योगा मालिकेने त्याच सुमारास दुसरा मार्ग धरला: पडदा वेगळा न करता बिजागरीवर पूर्ण मागे दुमडायचा. डेलच्या एका यंत्रात पडदा आपल्या चौकटीतच कोलांटी घेई. बिजागरीचे असे नानाविध प्रयोग त्या एक-दोन वर्षांत झाले. आणि प्रत्येक प्रयोगाच्या मुळाशी हाच प्रश्न होता की एकच वस्तू मेजावरच्या हाताची आणि मांडीवरच्या हाताची, दोघांचीही कशी होईल.

प्रश्नाचे पहिले अंग उष्णतेचे होते. सरफेस प्रोमधील प्रोसेसर सतरा वॅटच्या मर्यादेत बसवलेला होता, आणि चित्रे रंगवण्याचे कामही त्याच मर्यादेत उरकावे लागे. त्याच काळातील एनव्हिडियाच्या जीटीएक्स ६८० या मेजावरील संगणकाच्या ग्राफिक्स कार्डाला एकट्यालाच १९५ वॅट लागत. पाटीएवढ्या जाडीत तेवढी उष्णता कोंडली तर हात धरवणार नाही, म्हणून यंत्र तापू लागले की आपली गती आपणच कमी करते, आणि ऐन लढाईत चित्र अडखळू लागते. खेळणारे यातून मार्ग काढीत: बिंदूंची संख्या १२८० गुणिले ७२० वर आणावी, सावल्या बंद कराव्यात, दूरची झाडे पुसट करावीत. काटकसरीने संसार चालवणाऱ्या गृहिणीप्रमाणे उपलब्ध सतरा वॅटचा जमाखर्च ते बारकाईने मांडीत असत.

दुसरे अंग अधिक नाजूक होते. जुन्या खेळाला स्पर्श नावाची गोष्ट ठाऊकच नसते. त्याच्याशी बोलण्यासाठी विंडोज दुभाष्याचे काम करते. बोट टेकले की दुभाषी सांगतो, डावी कळ दाबली. बोट दाबून धरले की सांगतो, उजवी कळ दाबली. बोट सरकले की सांगतो, कळ दाबून माऊस ओढला. हा दुभाषी प्रामाणिक आहे, पण त्याच्यापाशी शब्द थोडे आहेत. बाण नुसता नेऊन ठेवणे, या क्रियेसाठी त्याच्याजवळ शब्दच नाही. दाबून धरण्याचा अर्थ उजवी कळ असाच लावल्यामुळे ज्या खेळात डावी कळ दाबून धरणे आवश्यक असते तिथे तो अर्थाचा अनर्थ करतो, आणि म्हणून जाणते लोक विंडोजच्या पेन आणि टच या सदरात जाऊन ही सोय आधी बंद करून टाकीत. शिवाय आकाराचा प्रश्न होताच. २० बिंदू रुंदीचे बटण मोठ्या पडद्यावर ठसठशीत दिसते. साडेदहा इंचांत तेवढेच बिंदू बसवले की ते अडीच मिलिमीटरांहूनही लहान होते, आणि बोटाचे टोक तर सेंटिमीटरभर रुंद. ज्वारीचा एकच दाणा उचलायचा आणि हातात मोजे घालून उचलायचा, असा तो प्रकार होई.

या साऱ्या अडचणींतूनही काही खेळ बोटाच्या हाती सुखरूप आले, आणि ते कोणते हे पाहिले की इतिहासाचा एक नियमच सापडल्यासारखा वाटतो. २०१० च्या ‘सिव्हिलायझेशन ५’ या खेळाला विंडोज ८ च्या आगमनाबरोबर स्पर्शाची स्वतंत्र आवृत्ती मिळाली. खेळ उघडताना इतर पर्यायांच्या शेजारी तीही निवडता येऊ लागली. दोन बोटांनी नकाशा जवळ घ्यावा, दूर न्यावा, एका बोटाने वसाहत करणाऱ्यांना नदीकाठी पाठवावे, आणि मग विचार करीत बसावे. कितीही वेळ गेला तरी शत्रू आपली पाळी येईपर्यंत तिष्ठत राहतो. २०१२ सालीच १९९८ चा ‘बॉल्डर्स गेट’ नव्या आवृत्तीत निघाला. तो टॅब्लेटसाठीही तयार केलेला होता आणि लढाई हवी तेव्हा थांबवण्याची मुभा त्याच्या मूळ रचनेतच होती. ‘मंकी आयलंड’सारखे चित्रावर बोट ठेवून कथा पुढे नेण्याचे जुने खेळ, २००१ साली सुरू झालेल्या स्कमव्हीएम या प्रकल्पाच्या आश्रयाने, काचेवर जणू तिथेच जन्मल्यासारखे नांदू लागले. पत्त्यांचे खेळ, बुद्धिबळ, कोडी यांविषयी तर बोलायलाच नको. या सर्वांत समान सूत्र एकच आहे: यांत काळ खेळाडूची वाट पाहतो. जिथे काळ थांबतो तिथे बोट चुकले तरी सावरता येते. जिथे काळ धावतो तिथे हाताला वर्षानुवर्षांचे वळण लागते, आणि ते वळण एका साधनावरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येत नाही. सारीपाटाची सोंगटी कोणत्याही हाताने सरकवता येते. विटीदांडूचा दांडू मात्र ज्याच्या हातात बसलेला असतो त्याच्याच हातून टोला मारतो.

धावत्या काळाच्या खेळांसाठी निराळे उपाय योजले गेले. काचेवरच अर्धपारदर्शक बटणे आणि गोल चकत्या रंगवून त्यांना कळफलकाच्या कळा नेमून देणारे कार्यक्रम निघाले. न्यू मेक्सिकोतील आयडियम या संस्थेचा जेश्चरवर्क्स गेमप्ले हा त्यांतला एक. चित्र उत्तम निघे, पण बोटाला कड लागत नाही. नजर शत्रूवर असताना अंगठा हळूहळू बटणावरून घसरतो आणि पुढे सरकण्याचा हुकूम मध्येच बरखास्त होतो. रेझर कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दोन्ही बाजूंना मुठी जोडलेल्या टॅब्लेटचा नमुना दाखवला आणि २०१३ मध्ये तो एज या नावाने विकायला आणला: १०.१ इंचांचा पडदा, स्वतंत्र एनव्हिडिया ग्राफिक्स चिप, आणि मुठींचे नियंत्रक वेगळे विकत घेण्याची तजवीज. यंत्र जड, महाग आणि बॅटरीला अल्पायुषी होते, त्यामुळे ते फार टिकले नाही. पण टॅब्लेट दोन्ही हातांनी धरला की मोकळे राहतात ते फक्त अंगठे, आणि त्या अंगठ्यांखाली स्पर्शाला जाणवणारे काहीतरी घन असले पाहिजे, हे सत्य त्याने वस्तुरूपात मांडले.

२०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या सरफेस बुकने या गोष्टीची उलट बाजू दाखवली. त्याचा पडदा वेगळा होत असे, पण ज्या आवृत्तीत एनव्हिडियाची चिप होती तिथे ती चिप, आणि बॅटरीचा मोठा भागही, कळफलकाच्या तळात होता. खेळ ती चिप वापरीत असेल तर यंत्र पडदा सोडायलाच तयार होत नसे, आधी खेळ बंद करा असे सांगे. पडदा मोकळा झाला की बळ मागे राहते आणि बळ हवे असेल तर पडदा जखडलेला राहतो, असा तो तह होता. अभियंत्यांचे कौशल्य त्यात पराकाष्ठेचे होते यात संशय नाही. पण खेळणाऱ्याला शेवटी त्याचा लॅपटॉप करूनच खेळावे लागले.

यानंतर वाट दोन दिशांना फुटली. जानेवारी २०२२ मध्ये एसुसने आरओजी फ्लो झेड१३ दाखवला. सरफेससारखाच टेकू, सुटा होणारा कळफलक, आणि सारी यंत्रसामग्री उभ्या पडद्यामागे, म्हणजे उष्णतेला वर जायला मोकळी वाट. स्वतंत्र ग्राफिक्स चिपही पाटीतच बसवलेली होती. बळ पडद्याबरोबर राहील एवढी मजल दहा वर्षांत गाठली गेली. दुसऱ्या दिशेने, त्याच वर्षी फेब्रुवारीत, व्हॉल्व कंपनीचा स्टीम डेक आला: सात इंचांचे स्पर्शपटल, दोन्ही बाजूंना मुठी, काठ्या, कळा, आणि अंगठ्यांसाठी माऊसचे काम करणाऱ्या दोन लहान चौकोनी पाट्या. त्याच्या मुख्य चिपची मर्यादा पंधरा वॅटची, म्हणजे सरफेस प्रोच्या प्रोसेसरपेक्षाही कमी. पण पडद्यावर बिंदू १२८० गुणिले ८००, म्हणजे सरफेस प्रोच्या निम्म्याच्या आसपास. नऊ वर्षांपूर्वी खेळणारे हाताने जी काटकसर करीत होते, ती इथे यंत्राच्या आराखड्यातच मंजूर झालेली होती.

मला स्टीम डेकची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्याच्या दुभाष्याची. व्हॉल्वने २०१५ च्या आपल्या नियंत्रकापासून एक सोय ठेवली होती: कोणत्याही खेळासाठी कोणती कळ कोणते काम करील याचा मसुदा खेळाडूने स्वतः तयार करावा आणि तो इतरांना वापरायला द्यावा. त्यामुळे ज्या जुन्या खेळाच्या कर्त्यांनी अंगठ्याचा विचारही केला नव्हता, त्याच्यासाठी कुठल्यातरी अनोळखी माणसाने रात्री जागून, कळीमागून कळ तपासून, एक मांडणी सिद्ध केलेली आढळते. ती उचलावी आणि खेळायला बसावे. विंडोजचा दुभाषी सर्व खेळांना एकच भाषा बोलत होता. इथे प्रत्येक खेळाला त्याची बोली जाणणारा दुभाषी मिळाला, आणि तो खेळणाऱ्यांतूनच आला. १९६२ साली स्पेसवॉरसाठी पेट्या ठोकणाऱ्या दोघांचे हे खरे वारसदार होत.

स्पर्शपटल या नव्या यंत्रांवरही आहे; नकाशा सरकवायला, नाव टंकायला, पत्ता उचलायला त्याचा उपयोग होतो. परंतु बोटाने माऊसची वहिवाट मोडून काढली असे म्हणता येणार नाही. तिच्या शेजारून त्याने आपली पायवाट पाडली आणि काळ जिथे थांबतो तेवढ्या मुलखात ती रुळली. या साऱ्या खटाटोपातून मला एक गोष्ट मात्र निश्चित कळली. जुने खेळ जपून ठेवण्याविषयी आज जगभर आस्था आहे, त्यांच्या प्रती साठवल्या जात आहेत, आणि ते पुण्यकर्मच आहे. पण खेळ म्हणजे केवळ त्याची प्रत नव्हे. ‘क्वेक’ची प्रत शंभर वर्षे सुरक्षित राहिली आणि डाव्या हाताची चार बोटे कुठे ठेवायची, उजवे मनगट किती सैल सोडायचे हे सांगणारे कोणी उरले नाही, तर पुढच्या माणसापुढे तेच दालन असेल, आणि काचेवर बोट टेकवताच ते गरगर फिरेल. म्हणून खेळाच्या प्रतीशेजारी हाताच्या वळणाचीही नोंद ठेवली पाहिजे. खेळणाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेल्या त्या मांडण्या आज क्षुल्लक वाटत असतील. उद्याच्या इतिहासकाराला त्यांतच या वहिवाटीचे दफ्तर सापडेल.